दोनशे सात शनिवार

– अहो नाही, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय आखूड आहे. बघा की, जन्म गेला या घराचा लोकांचे आखूड पाय सरळ करण्यात, आणि आमच्याच स्टुलाला कुणी वाली नाही – इथे बसा, या खुर्चीवर, ही माझी खुर्ची, पण आज तुमची. हां. तर गेली म्हणता ती जुनी डिस्क? पार गेली? काल दुपारी कुरकुर कुरकुर आवाज यायला लागला, मी म्हटलं उंदीर शिरला की काय मेला, मग पडदा निळा झाला, मग काळा, संपलं. बरं. गेली तर गेली. तुम्ही असं डॉक्टरांसारखं तोंड नका करू, आमच्याकडे रडारड नाही. नवी डिस्क आणलीत ना? बसवा. माझ्याकडे बॅकअप आहे. ऐकलंत? बॅकअप. तुम्हाला हे ऐकायची सवय नसेल, तुमची गिऱ्हाईकं म्हणजे काय – मशीन मेल्यावर तुमच्या दारात उभी, काहीतरी करा हो दादा, लग्नाचे सगळे फोटो त्यात होते. मग लग्न केलंत तेव्हा अक्कल कुठे गेली होती? माझं तसं नाही. दर शनिवारी, पावणेसहाला, न चुकता. दोनशे सात शनिवार, मोजलेत मी. तापाने फणफणले होते तरी शाल पांघरून आले आणि बॅकअप घेतला, म्हटलं मी मेले तरी चालेल, मापं जगली पाहिजेत.

फक्त जरा हळू बोला हं. म्हणजे तुम्ही बोलतच नाही आहात, पण बोललात तर हळू. आतल्या खोलीत सासरे पडलेले असतात, उठवत नाही त्यांना, पण कान तिखट आहेत. दर शनिवारी सहा वाजले की आतून हाक येते – सूनबाई, प्रत घेतली का? – घेतली मामंजी. की मग झोपतात. मशीन बंद पडलंय हे त्यांना कळवलेलं नाही. उगीच कशाला? संध्याकाळपर्यंत तुम्ही चालू करून देणार, मग सांगायचंय काय त्यात.

तुम्ही पाटी वाचलीत ना बाहेर? आम्ही चारचौघांसारखे बूट नाही करत. कुणाचा पाय दीड इंच आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं एकावर एक चढून बसलेली – असल्या पायांचे बूट. एकेका पायाची एकवीस मापं, आणि वर शेरे, कुठे दुखतं, कुठे घासतं. अशी चौदाशे माणसं त्या डब्यात आहेत. चामडं कापतात आमचे हे, तिकडे मागे, दिसतायत ना पाठमोरे? लग्नाला सतरा वर्षं झाली, मी तरी जास्त पाठच पाहिलीय. आता सुरी खाली ठेवून बसलेत, कारण आकडे मशीनमध्ये. पाचला शाळेतल्या बाई यायच्यात, उभं राहून शिकवतात दिवसभर, एक पाय सव्वा इंच आखूड, आणि बुटाचा तळ इतका झिजलाय की परवा फळ्यापाशी पडल्या म्हणे. त्या यायच्या आत कापून ठेवायचंय. तर हात चालवा जरा.

कागदावर? आहा, होती ना कागदावर. सासऱ्यांनी चाळीस वर्षं कार्डं लिहिली, लाकडी खणांत, मोत्यासारखं अक्षर, पण धूळ किती, झुरळं किती, आणि जागा कुणाच्या बापाची – म्हणजे त्यांचीच म्हणा, पण तरी. तीन वर्षांपूर्वी मी घातली रद्दीत. अहो, बॅकअप असताना कागद सांभाळायचे म्हणजे गॅस असताना चूल फुंकायची. त्यांना अजून – नाही, ते माळ्यावर आहेत असं समजतात. समजू दे. म्हाताऱ्या माणसाला काय फरक पडतो?

– ऐकलंत? वर. धप, धप, धप. चालतायत. टाचा आपटत. ती आमची थोरली जाऊ. या पंचक्रोशीत बायकांमध्ये असा ठसका नाही बघायला मिळायचा तुम्हाला. वरच्या मजल्यावर राहतात, भावोजींची नोकरी परगावी, त्या इथे एकट्या, आणि दिवसभर वरून मला ऐकू येईल असं चालायचं हाच उद्योग. बोलणं? बोलणं नाही आमचं. या महिनाअखेर चार वर्षं होतील. जिन्यात समोरासमोर आलो तर मी पिशवीत काहीतरी शोधते, त्या आकाशाकडे बघतात. छान चाललंय. आधी हे मशीन त्यांच्याकडे होतं. सासऱ्यांची सगळी कार्डं त्यांनी मशीनमध्ये घातली, मान्य, अकरा वर्षं त्यांनीच सांभाळलं, मान्य, पण त्यांचा बॅकअप तुम्ही बघायला हवा होतात! शनिवारी संध्याकाळी मशीनसमोर बसायच्या ते अर्धा तास, हनुवटीला हात लावून, पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकतेय आणि ह्या तिच्याकडे बघतायत, जणू बाळ झोपवतायत. इकडे मी सगळं आवरतेय, झाडू मारतेय, शटर ओढतेय, आणि राणीसाहेबांचा बॅकअप चाललाय! माझ्या हातात मशीन आलं त्या पहिल्या शनिवारी मी बॅकअप घेतला – किती वेळात सांगू? चुटकी वाजवा. वाजवा ना. झाला. इतका वेळ. तेव्हाच कळलं मला, अकरा वर्षं ही बाई आराम करत होती.

ही घ्या माझी डिस्क. लाल रिबीन बांधलीय, बाहेर लोंबते ती, म्हणजे सापडायला सोपं. लावा. उघडा. आहेत ना? मोजा, दोनशे सात. प्रत्येकाखाली तारीख, मीच घातलेली. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो छोटासा बाण आहे ना, वाकडा – ती बॅकअप झाल्याची खूण. हे मला कुणी शिकवलं नाही हं, माझं मलाच कळलं. ज्याची प्रत झाली त्याला बाण येतो. तसा मी कोर्स केलाय लग्नाआधी, तीन महिन्यांचा, सर्टिफिकेट आहे, तिथे भिंतीवर, कॅलेंडरच्या मागे.

काय झालं? उघडा की. शेवटचा उघडा, परवाच्या शनिवारचा. – काय म्हणतंय ते? सापडत नाही? काय सापडत नाही? अहो, त्याच्या आधीचा घ्या. मग त्याच्या आधीचा. तुम्ही नीट दाबत नसाल, आमच्या उंदराचं डावं बटण जरा अडकतं. – हसलात का तुम्ही? हसलात. ओठ आवळून धरले म्हणून मला दिसत नाही असं नाही. बोला काय असेल ते. ...

नाही, मला कळलं नाही. परत सांगा. हळू सांगा.

बाण म्हणजे बाणच? म्हणजे नुसतं, मापं तिकडे आहेत, जा तिकडे? आणि तिकडे म्हणजे त्या जुन्या डिस्कवर. जी गेली. – म्हणजे मी दर शनिवारी, समजा, घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून ठेवत होते, आणि आता घर पडलं. दोनशे सात चिठ्ठ्या. सगळ्यांवर तोच पत्ता.

हं.

नाही नाही, पाणी नको मला. काय होतंय मला, धडधाकट आहे. मी म्हणते, ही कंपनीची चूक नाही का? असं कसं काढता येतं चिन्ह, की माणसाला वाटावं हेच ते? मी चिन्ह उचललं, डिस्कवर टाकलं, आलं, दिसलं, तारीख घातली. आणखी काय करायचं असतं बाईमाणसाने? आणि हळू बोला म्हटलं ना! मी? मी हळूच बोलतेय. – हे मागे वळून बघतायत बघा आता, सतरा वर्षांत कधी बघितलं नाही ते आज बघायचं सुचलं. काही नाही हो! कापायला घेऊ नका अजून! थोडं बाकी आहे आमचं!

ती जुनी डिस्क मोठ्या शहरात पाठवून, उघडून वगैरे – नाही? आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत? बघा तरी. बरं. नका बघू.

थांबा.

थांबा, एक आहे. म्हणजे असेल. तिकडे या माझ्याबरोबर. ते शिलाईचं मशीन, मोठं, चामड्याचं – त्याचा मागचा पाय डगमगायचा. त्याच्याखाली वाका जरा, माझं कंबरडं नाही वाकत. एक काळा चपटा डबा आहे बघा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. हो, तोच. डिस्कच आहे ती. जाऊबाईंची. अहो, असे बघू नका माझ्याकडे, त्याची जाडी अगदी बरोबर बसली, पुठ्ठा घालून बघितला, लाकूड घालून बघितलं, हीच बसली. चार वर्षं पाय डगमगला नाही. लावून तर बघा. एवढ्या दणक्यांवर जिवंत राहिली असेल का? – घरघरतेय. घरघरणं चांगलं की वाईट? चांगलं? ... अख्ख्या मशीनचं चित्र? म्हणजे नुसती मापं नव्हेत, सगळंच्या सगळं, होतं तसं? तो अर्धा तास त्याचा होता होय. ती हिरवी पट्टी.

घाला मग नव्या डिस्कवर. उलटं नका करू हं, नवी कोरी हिच्यावर ओताल. सांगितलं आपलं. राग नका मानू, आज मला सगळं उलटंच दिसतंय. – आली पट्टी. चार टक्के. बाई गं, काय सरकते ही. म्हणजे मलाही आता हनुवटीला हात लावून बसायचं.

ही डिस्क माझ्याकडे कशी, असंच ना मनात तुमच्या? विचारा की. नाही विचारत तर मीच सांगते, उगीच भलतंसलतं घरी घेऊन जाल. जाऊबाई महिन्यातून एकदा एक प्रत वर घेऊन जायच्या. आपल्या खोलीत. चोरून नाही, पिशवीत घालून, सरळ जिन्याने, पण मला कुणी सांगितलं नव्हतं ना! मी एका शनिवारी पाहिलं. आता तुम्हीच सांगा, दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं कुणी वर नेत असेल तर माणसाने काय समजायचं? मी समजले, ही स्वतःचं दुकान काढणार. मी बोलले. जरा मोठ्याने बोलले. दुकानात चारसहा माणसं होती, एकाचा पाय तर जाऊबाईंच्या मांडीवर होता, माप घेत होत्या. मी म्हटलं, चोर आहात तुम्ही, सासऱ्यांची गिऱ्हाइकं पळवताय. तशा त्या उठल्या. आधी त्या माणसाचा पाय हळूच खाली ठेवला, मोजा चढवला त्याला, मग उठल्या. डिस्क टेबलावर ठेवली, किल्ल्या ठेवल्या, आणि वर गेल्या. एक शब्द नाही. मला वाटलं, बघा, खरं बोललं की अशी वाचा बसते.

नाही काढलं दुकान त्यांनी. नाही. चार वर्षांत नाही काढलं. म्हणजे काढायला अजून वेळ आहे म्हणा. – किती झाले? एकोणतीस.

आणि त्याच्या आठवडाभर आधी मला म्हणे शिकवणार होत्या. तुझ्याकडे द्यायचंय आता मशीन, माझे डोळे दुखतात, बस माझ्याजवळ, दाखवते. मला! मी म्हटलं, माझा कोर्स झालाय. माप कसं घ्यायचं तेही दाखवते म्हणाल्या, पायावर हात फिरवून कळलं पाहिजे म्हणे, टेप नंतर. पायावर हात फिरवायचा! टेप असताना! मी टेपनेच घेते. थोड्याफार तक्रारी येतात, फोड आले, घासतं, पण लोकांचे पाय हल्ली नाजूक झालेत. शाळेतल्या बाईंचे बूट दोनदा उसवून केले. तिसऱ्यांदाही रक्त निघालं टाचेतून, पण त्या काही बोलल्या नाहीत, चांगल्या आहेत स्वभावाने, म्हणाल्या सवय होईल मला. सवय झाली नाही वाटतं. मी विचारलं नाही.

हा वरचा आवाज थांबला, लक्षात आलं? बसल्या असतील. ह्या वेळेला बसतात खिडकीपाशी.

बरं, ही प्रत म्हणजे त्या शनिवारची ना? चार वर्षांपूर्वीची. मग त्यानंतर जी माणसं आली – नव्याने आली ती – ती ह्यात नाहीत. कशी असतील? शाळेतल्या बाई तीन वर्षांपूर्वी आल्या. म्हणजे त्या नाहीत. तीनेकशे माणसं नसतील. सगळ्यांना परत बोलवायचं, परत मोजे काढायचे, परत... आणि पाचला त्या बाई. त्यांना काय सांगू, तुमचा पाय हरवला माझ्याकडून?

झालं? शंभर? चालू करा.

अगंबाई. हा तर जुना पडदा. हिरवा. त्यांनी लावलेला, तेच ते गवत. हे सगळं मी काढून टाकलं होतं हो, मशीन हातात आलं त्याच दिवशी, बसल्या बसल्या, काय तो फायलींचा पसारा, हे नको, ते नको, धडाधड उडवलं, न वाचता. मोठा आनंद झाला होता. आणि हे बघा, सगळं परत जागच्या जागी. निर्लज्जासारखं. मापं उघडा आधी. – आहेत? मोजा. अकराशे दोन. आहेत. देवा. मामंजींची सगळी आहेत.

ते काय आहे? कोपऱ्यात. ‘धाकटीसाठी’. ते मीच – ते मी उडवलं होतं. म्हटलं, जाता जाता शिव्या लिहून ठेवल्या असतील. नका उघडू. तुमचं काम झालं, बिल द्या. – उघडलंत? हात आहेत की काय आहेत! सरका. सरका म्हणते, चष्मा कुठे गेला माझा. मी वाचते. मोठ्याने नाही वाचणार.

तारीख आदल्या दिवसाची. शुक्रवारची.

‘एक. बाण असलेलं चिन्ह डिस्कवर टाकू नकोस. ते नुसतं रस्ता दाखवतं, मापं त्याच्यात नसतात. मी पहिलं वर्षभर तेच करत होते, नंतर कळलं तेव्हा दोन रात्री जेवण गेलं नाही. मामंजींना अजून माहीत नाही. तू पण सांगू नकोस आणि हसू नकोस.’

...

हसत नाहीये मी. डोळ्यांत गेलंय काहीतरी, चामड्याची धूळ, इथे असतेच. तुम्ही तुमचे स्क्रूड्रायव्हर गोळा करा.

‘दोन. महिन्यातून एक प्रत वर माझ्याकडे देत जा. खाली आग लागली, पाणी शिरलं, तर एक तरी घरात दुसरीकडे राहील. तीन. माप घेताना आधी हात, मग टेप. जमत नाही असं वाटेल, जमेल. तुझे हात माझ्यापेक्षा ऊबदार आहेत, गिऱ्हाईक पाय आखडून घेत नाही. चार. अडलं तर आकडीच्या काठीने वर ठोक. मी येईन.’

एवढंच. खाली नाव पण नाही.

– आलेच, मामंजी! ... हो, आज शनिवार नाही हो, आज मंगळवार! प्रत – हो. आहे. आहे प्रत. झोपा तुम्ही.

किती वाजले? साडेचार. अर्धा तास आहे. – तुम्ही अजून उभेच? पैसे ह्यांच्याकडून घ्या, मागे, त्या पाठीकडून. लाल रिबिनीची ती डिस्क घेऊन जा, जाताना कुठल्या तरी कचरापेटीत टाका, ह्या घराच्या नको. नाही, चहा नाही मिळणार आज. आणि हे बघा, बाहेर कुणाला – जाऊ दे, सांगा, सांगायचं त्याला सांगा.

आणि ती काठी द्या. दारामागे उभी आहे, लांब, टोकाला आकडी, शटर ओढायची. द्या म्हणते ना इकडे. हं. आता निघा तुम्ही. निघा हो, असं माणसाच्या तोंडाकडे बघत काय राहता, मला नाही जमायचं कुणी बघत असताना.